पगार झाला की आठ पाकिटं: घरखर्चाची जुनी रोकड पद्धत यूपीआयच्या काळात चालते का?

परभणीहून नांदेडला जाताना मध्ये पूर्णा लागतं. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, पण मराठवाड्यात लोक त्याला ओळखतात ते जंक्शन म्हणून. हैदराबाद-मनमाड मार्गावरून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. निजामाच्या काळापासून या गावाला रेल्वेनं वाढवलं.

या एकाच गावात पैसा तीन वेगवेगळ्या वेळापत्रकांनी येतो. रेल्वेत नोकरी असलेल्याच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होतो. हमाली करणारा, बांधकामावर जाणारा माणूस रोजची किंवा आठवड्याची मजुरी घरी आणतो. आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला मोठी रक्कम दिसते ती वर्षातून दोन-तीनदा. सोयाबीन विकल्यावर, कापूस विकल्यावर, मग तूर-हरभरा निघाल्यावर.

खर्चाचं वेळापत्रक मात्र तिन्ही घरांत सारखंच. दूध रोज, भाजी आठवड्याला, किराणा आणि लाईट बिल महिन्याला, शाळा जूनमध्ये, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आणि आजारपण कधीही.

पैसा येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ जुळत नाही, तिथं घराचं गणित बिघडतं. महिन्याच्या २० तारखेनंतर होणारा खडखडाट हा फक्त कमी कमाईचा प्रश्न नसतो. बऱ्याचदा तो कमाईच्या वाटपाचा असतो. त्यावरचा एक जुना उपाय सध्या इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर ‘कॅश स्टफिंग’ या नव्या नावानं फिरतोय. पैसे हातात आले की वेगवेगळ्या पाकिटांत वाटून ठेवायचे आणि ज्या कामाचं पाकीट, त्याच कामाला वापरायचे.

आपल्याकडे यात नवीन काही नाही. डाळीच्या डब्यात भाजीचे पैसे, देवघरात दिवाळीचे, लुगड्याच्या घडीत लेकीचे, असे हिशोब आजीच्या पिढीनं कुठलंही ॲप नसताना सांभाळले. प्रश्न एवढाच आहे की खिशात क्यूआर कोड आणि डोक्यावर हप्ते असताना ही पद्धत आज खरंच उपयोगी पडते का?

आधी बघू, महिन्याला उरतं किती?

नाबार्डच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न होतं १२,६९८ रुपये आणि सरासरी मासिक खर्च ११,२६२ रुपये. म्हणजे हातात राहतात १,४३६ रुपये. ही सरासरी आहे, बऱ्याच घरांत तेवढेही उरत नाहीत. याच सर्वेक्षणात ५२ टक्के कुटुंबांवर कर्ज असल्याचं आढळलं.

गंमत बघा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत महिन्याला मिळतात १,५०० रुपये. सरासरी ग्रामीण घराची महिन्याची पूर्ण शिल्लक जेवढी, जवळपास तेवढीच ही रक्कम आहे. म्हणून एखादा हप्ता पुढे ढकलला की गावोगावी त्याची चर्चा होते. आणि म्हणून ते १,५०० रुपये कुठल्या पाकिटात जातात, याला महत्त्व आहे.

दुसरा आकडा खाण्यापिण्याचा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातले सुमारे ४७ टक्के अन्नावर. पण या अन्नात सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेयं, तयार आणि पाकीटबंद खाणं यावर १०० रुपयांतले ९.८ रुपये जातात. दुधावर ८.४, भाजीवर ६ आणि धान्यावर ५ रुपये.

चहा, वडापाव, पाच-दहा रुपयांचे कुरकुरे, थंडाची बाटली. हा खर्च कुणी वहीत लिहीत नाही, कारण तो एका वेळी १० किंवा २० रुपयांचा असतो. पाकीट पद्धत सगळ्यात आधी उघडी पाडते ती हीच गळती.

पद्धत नेमकी काय आहे?

समजा पूर्णेत भाड्यानं राहणारं चौघांचं कुटुंब आहे. नवरा दुकानात कामाला, बायको घरी शिवणकाम करते. दोघांचं मिळून महिन्याला १४,००० रुपये येतात. वाटणी साधारण अशी होऊ शकते:

• घरभाडं, लाईट बिल, गॅस: ३,२००
• किराणा: ४,५००
• दूध-भाजी: २,४००
• शाळा, शिकवणी: ९००
• दवाखाना, औषधं: ७००
• प्रवास, मोबाईल, बाहेरचं खाणं: ९००
• सणवार, लग्नातला आहेर: ७००
• अडीअडचण: ७००

बेरीज बरोबर १४,०००. म्हणजे प्रत्येक रुपयाला काम दिलेलं आहे, ‘बघू नंतर’ म्हणून काही सोडलेलं नाही.

नियम तीनच. पैसे आले त्याच दिवशी वाटायचे. पाकीट संपलं की तो खर्च थांबवायचा. आणि दुसऱ्या पाकिटातून घ्यावेच लागले, तर घेतलेली रक्कम त्या पाकिटावर पेनानं लिहायची.

तिसरा नियम क्षुल्लक वाटतो, पण महिनाअखेरीला खरी माहिती तोच देतो. दर महिन्याला भाजीचं पाकीट दवाखान्याच्या पाकिटातून पैसे घेत असेल, तर भाजीला २,४०० पुरत नाहीत, हे मान्य करून आकडा बदलावा लागतो. पहिल्या महिन्यात आकडे चुकणारच. दोन-तीन महिन्यांनी ते घराच्या मापाला बसतात.

भाजीच्या पाकिटाची एक खास अडचण असते. महिन्याची रक्कम एकत्र ठेवली की पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटतो. त्यामुळे त्याचे चार भाग करायचे. १ ते ७, ८ ते १५, १६ ते २३ आणि २४ ते महिनाअखेर. प्रत्येकात ६०० रुपये. असं केलं की महिन्यातल्या ‘पाचव्या आठवड्याचा’ घोळही राहत नाही.

वर्षातून एकदा येणारे खर्च १२ नं भागून ठेवायचे. वरच्या उदाहरणात शाळेच्या ९०० पैकी ५०० रुपये शिकवणीचे आणि ४०० रुपये जूनसाठी आहेत. वर्षभरात ते ४,८०० होतात, त्यात वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर बसतं. सणाचे ७०० रुपये वर्षाला ८,४०० होतात. जून आणि दिवाळी दरवर्षी येतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी त्याच दोन महिन्यांत उसनवारी होते.

हातात नोट असली की खर्च कमी होतो, हे खरं का?

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. क्रेडिट कार्डानं पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त, काही ठिकाणी दुपटीपर्यंत बोली लावली. मात्र हा प्रयोग क्रेडिट कार्डाचा होता, तो जसाच्या तसा यूपीआयला लावता येत नाही. कार्डात पैसे नंतर जातात, यूपीआयमध्ये लगेच.

पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. नोट मोडताना जे जाणवतं, ते कोड स्कॅन करताना जाणवत नाही. ५०० ची नोट मोडायला माणूस दोनदा विचार करतो. २० रुपये स्कॅन करायला एकदाही करत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यात चहाच्या टपरीवरचे दहा-वीस रुपयेही आले.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास दिलीप सोमण आणि अमर चीमा यांचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भारतातल्या ग्रामीण भागात, रोख मजुरी मिळणाऱ्या कामगारांवर झाला. बचतीची रक्कम त्यांना बंद पाकिटात घालून देण्यात आली. काहींना एकच पाकीट, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत. काही पाकिटांवर त्यांच्या मुलांचा फोटो लावला होता.

ज्यांची रक्कम दोन पाकिटांत होती, त्यांची बचत जास्त झाली. मुलांचा फोटो असलेल्या पाकिटांचाही फायदा दिसला. कारण सोपं आहे. एक पाकीट फोडलं की सगळे पैसे मोकळे होतात. दोन असली की दुसरं फोडताना पुन्हा थांबावं लागतं. आणि पाकिटावर लेकराचा चेहरा असेल, तर हात आखडतो.

अर्थशास्त्रात याला ‘मेंटल अकाउंटिंग’, म्हणजे मनातली खातेवही म्हणतात. त्यावर मूलभूत काम करणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हिशोबाच्या दृष्टीनं सगळे रुपये सारखेच असतात. पण माणूस त्यांना सारखं वागवत नाही, आणि पाकीट पद्धत माणसाच्या याच स्वभावाचा उपयोग करून घेते.

पगार नसेल तर?

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले पगारदाराला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. पूर्णेसारख्या ठिकाणी अर्ध्या घरांना ते लागूच होत नाहीत.

रोजंदारीवाल्यानं रकमेऐवजी वाटा ठरवावा लागतो. आज ५०० मिळाले, उद्या काम नाही, परवा ६००. अशा वेळी ‘महिन्याला ७०० दवाखान्याचे’ हे जमत नाही. पण ‘कामाच्या प्रत्येक दिवशी १०० पैकी १० रुपये अडीअडचणीचे’ हे जमतं. चार पाकिटं पुरतात: खाणं, भाडं-बिल, हप्ता आणि अडीअडचण. भाड्याचं पाकीट आधी भरायचं, कारण त्याला तारीख असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा हिशोब आणखी उलटा. मुकादमाकडून उचल आधी मिळते आणि काम नंतर करून ती फेडायची असते. म्हणजे हातात आलेली मोठी रक्कम ही कमाई नसून कर्ज आहे. तिच्यातून लग्न किंवा घराचं काम निघालं, तर हंगामात खायला पुन्हा उसनेच घ्यावे लागतात.

शेतकऱ्याचं गणित वर्षाचं असतं. समजा तीन एकरांत १५ क्विंटल सोयाबीन झालं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, त्या भावानं ७९,९२० रुपये होतात. पण बाजारात भाव अनेकदा हमीभावाच्या खालीच राहतो. ४,५०० नं विकलं तर येतात ६७,५०० रुपये.

आता वाटणी करू. पीककर्ज आणि कृषी सेवा केंद्राची उधारी मिळून समजा ३०,००० गेले. पुढच्या पेरणीसाठी १३,५०० बाजूला ठेवले. राहिले २४,०००. नोव्हेंबर ते जून हे आठ महिने त्यावर काढायचे, तर महिन्याला येतात ३,००० रुपये. हातात ६७ हजारांची गड्डी दिसत असते, पण घरखर्चाला तिच्यातून महिना ३,००० च आहेत. गड्डी एकत्र राहिली तर हे लक्षात येत नाही. आठ पाकिटं केली की पहिल्याच दिवशी दिसतं.

यातली दोन पाकिटं मोडायची नाहीत. पहिलं पीककर्जाचं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत जाते. दुसरं पेरणीचं. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच येतात, आणि तेव्हाच घरात पैसा सगळ्यात कमी असतो.

पेरणीचं पाकीट नोटांचंच असायला हवं असं नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं पुढच्या हंगामात वापरता येतं. चांगलं वाळवून ठेवलेलं आणि पेरणीआधी उगवण तपासलेलं एक पोतं, हेही एक पाकीटच आहे.

हप्ता आला की पाकिटं का फाटतात?

आता या पद्धतीची मर्यादा. वरच्या १४,००० च्या कुटुंबात एक गोष्ट मुद्दाम धरलेली नाही: कर्जाचा हप्ता.

गावोगावी आता मायक्रोफायनान्सची कर्जं आहेत. बचत किंवा कर्जगटातल्या महिलांच्या नावावर, विनातारण, आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, अशीही अट आहे.

म्हणजे १४,००० च्या घराला कागदोपत्री ७,००० पर्यंत हप्ता चालतो. आता पाकिटं बघा. ७,००० सोडा, फक्त २,५०० चा हप्ता आला तरी कुठून काढणार? भाडं, किराणा, दूध-भाजीला हात लावता येत नाही. दवाखाना, सण आणि अडीअडचण ही तिन्ही पाकिटं पूर्ण रिकामी केली तरी २,१०० च होतात. वर ४०० कमीच पडतात.

इथं खरा धोका दिसतो. हप्ता भरायला नेमकी तीच पाकिटं रिकामी होतात, जी पुढचं कर्ज टाळण्यासाठी ठेवलेली असतात. मग एखादं पोर तापानं फणफणलं की दवाखान्यासाठी दुसरं कर्ज काढावं लागतं, आणि दुसऱ्याचा हप्ता भरायला तिसरं. बँकेचा नियम पाळूनही घर अडकू शकतं.

त्यामुळे कर्ज घेण्याआधी एक साधी चाचणी करता येते. हप्त्याचं पाकीट दोन महिने आधीच सुरू करायचं. जेवढा हप्ता बसणार आहे, तेवढे पैसे दर महिन्याला त्यात टाकून बघायचे. जमलं, तर कर्ज झेपेल आणि दोन हप्ते हाताशीही राहतील. नाही जमलं, तर उत्तर मिळालं.

पाकीट पद्धत कमाई वाढवत नाही. मजुरी कमी आहे, भाव पडलाय, पीक पाण्यात गेलंय, यावर ती उपाय नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं गेली आणि ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. असं संकट घरातल्या कुठल्याच डब्यानं भरून निघत नाही. पण मदत खात्यात येईपर्यंतचे पहिले काही आठवडे काढायला ‘अडीअडचण’ लिहिलेलं पाकीटच कामी येतं.

सगळी रोकड घरात ठेवायची का?

नाही. चोरी आहे, उंदीर-वाळवी आहे, घरात शिरणारं पाणी आहे. आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची आठवण आहे. ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा अनेक घरांत बायकांनी नवऱ्याच्या नकळत डब्यात साठवलेले पैसे बाहेर काढावे लागले. कित्येकींच्या हातातला एकमेव आधार तेव्हा एका रात्रीत सगळ्यांसमोर आला.

म्हणून घरात फक्त चालू महिन्याची पाकिटं असावीत. जून, दिवाळी आणि अडीअडचणीचे पैसे खात्यात गेलेले बरे. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते. महिला बचत गटातली बचत हाही पर्याय आहे. तिथं गरजेला कमी व्याजाचं कर्जही मिळू शकतं. भिशीत मात्र माणसं खात्रीची असतील तरच पडावं.

यूपीआय पूर्ण बंद करायचीही गरज नाही. यूपीआय लाइटमध्ये जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात. महिन्याच्या सुरुवातीला त्यात ९०० टाकायचे आणि चहा, रिचार्ज, बाहेरचं खाणं तिथूनच भागवायचं. रक्कम संपली की पुन्हा भरायची नाही आणि ऑटो टॉप-अप बंद ठेवायचं. मोबाईलमधलं हे पाकीटच झालं.

आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये? हे पैसे ठरलेल्या तारखेला येतीलच असं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाल्यावर पात्रतेची तपासणीही आली. शिवाय ज्या महिलांना पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे पैसे मिळतात, त्यांना या योजनेतून ५०० च मिळतात. म्हणून हे पैसे किराण्याच्या किंवा हप्त्याच्या पाकिटात धरून चालू नये. ते आले की थेट अडीअडचणीत टाकावेत. वर्षभर नियमित आले तर १८,००० होतात, म्हणजे वरच्या कुटुंबाचा महिन्याहून अधिक काळाचा खर्च. एखादा महिना चुकला, तरी चूल बंद पडत नाही.

शेवटचा मुद्दा, पाकिटं सांभाळायची कुणी? बहुतेक घरांत हे काम बाईकडेच येतं. पण पाकिटात किती पैसे आहेत हे एकटीलाच माहीत असेल, तर पैसे संपल्यावर बोलणीही तिलाच खावी लागतात. वाटणी दोघांनी बसून केली, मुलांसमोर केली, तर ‘पैसे गेले कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर पाकिटांवर लिहिलेलं असतं.

आठ पाकिटं जड वाटत असतील, तर पुढच्या महिन्यात दोनच करून बघता येतील. एक भाजीचं, चार भागांत. दुसरं अडीअडचणीचं, बंद केलेलं. २० तारखेला दोन्ही उघडून बघा. त्यात काय उरलंय, त्यावरून उरलेली सहा करायची की नाही ते ठरवता येईल.